बाग कोण बघंल? निफाड तालुक्यातल्या एका जोडप्याच्या ब्रिटन व्हिसाचं प्रकरण

मार्च २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात ओळखीतले एक द्राक्षबागायतदार काका माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत दोन पासपोर्ट आणि दोन इंग्रजी पत्रं. पत्रं त्यांनी वाचली नव्हती, पण मजकूर कळला होता. थोरल्या मुलाने फोनवर सांगितलं होतं की काका-काकू दोघांचाही ब्रिटनचा व्हिसा नाकारला. काका ओट्यावर बसले आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "साहेब, त्यांना वाटतंय आम्ही तिकडंच राहू. आम्ही काय राहायला चाललोय का? बाग कोण बघंल?"

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. नोकरीतली बरीचशी वर्षं पिंपळगाव बसवंतच्या आसपास पीककर्जाच्या टेबलावर गेली. व्हिसाचं काम हा माझा धंदा नाही. ओळखीतल्या पाच-सात घरांचे कागद लावून दिलेत, तेवढाच अनुभव. काका-काकूंचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण मुलं परदेशात असलेल्या शेतकरी घरांत हेच जसंच्या तसं घडताना मी पाहिलंय. काकांची संमती आहे, ओळख पटेल असे तपशील गाळलेत.

घरची परिस्थिती

काका ६६ वर्षांचे, काकू ६१. चार एकर बागायत, त्यातली अडीच एकर द्राक्षं आणि उरलेल्यात कांदा. थोरला मुलगा इंग्लंडमध्ये रेडिंगला सॉफ्टवेअरच्या नोकरीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, सून त्याच्यासोबत. धाकटा मुलगा तालुक्यातल्या शाळेत शिक्षक, बायको आणि दोन मुलांसह काकांसोबत एकाच घरात राहतो.

सुनेला मेमध्ये दिवस भरणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आपल्याकडची रीत. पण सुनेच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलेला, त्यामुळे आईला घर सोडता येत नव्हतं. मग सासू-सासऱ्यांनी जायचं ठरलं. काकूंनी आयुष्यात विमान पाहिलं ते ओझरच्या आकाशात.

नात्यातल्या एकाने जिल्ह्याच्या गावी एक एजंट सुचवला. त्याने फी घेतली, फॉर्म भरला आणि १० फेब्रुवारीला अर्ज गेला. तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाला माणशी ११५ पौंड पडत. व्हिसा नाकारला गेला तर ते परत मिळत नाहीत.

पत्रांत काय होतं

दोन्ही पत्रं जवळजवळ सारखीच. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत व्हिजिटरसाठी 'ॲपेंडिक्स व्ही' नावाचा भाग आहे. त्यातला ४.२ हा परिच्छेद सगळ्या प्रकरणाचा कणा. माणूस खरोखर भेटीसाठीच येतोय का, मुदत संपायच्या आत परत जाईल का, वारंवार येऊन तिथेच घर करणार नाही ना, मनाई असलेलं काम करणार नाही ना, आणि खर्चाचे पैसे आहेत का, हे अधिकाऱ्याला पटावं लागतं. पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. कोर्टात फौजदारी खटल्यात लागतो तितका भक्कम पुरावा इथे लागत नाही. "असं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे" एवढं कागदांवरून दिसलं तरी पुरतं. पण ते कागदांवरूनच दिसावं लागतं, कारण बहुतेकदा मुलाखत होतच नाही. अधिकारी माणसाला पाहत नाही.

काकांच्या पत्राचा मथितार्थ असा: तुम्ही निवृत्त आहात म्हणता, उत्पन्न काही दाखवलेलं नाही. तरीही प्रवासाचा सगळा खर्च स्वतः करणार म्हणता. खात्यात अर्जाच्या आधी ११ दिवस सहा लाख रुपये जमा झाले, ते कुठून आले याचा खुलासा नाही. सहा महिने बाहेर राहणार आहात, पण मायदेशी परत यायला कोणती कौटुंबिक किंवा आर्थिक कारणं आहेत ते दिसत नाही. म्हणून तुम्ही मुदतीत परत जाल याची खात्री वाटत नाही.

मी पत्र दोनदा वाचलं, मग एजंटने भरलेल्या फॉर्मची प्रत काढून समोर ठेवली. राग आला तो ती पाहून. फॉर्ममध्ये काकांचा व्यवसाय 'निवृत्त', काकूंचा 'गृहिणी'. चार एकरांचा उल्लेख नाही, सातबारा जोडलेला नाही, धाकट्या मुलाचं नाव कुठे नाही. जायची तारीख ५ मे, यायची ३१ ऑक्टोबर. समोर जे होतं त्यावर मी त्या खुर्चीत बसलो असतो तर मीसुद्धा हेच लिहिलं असतं.

सहा लाखांची गोष्ट अशी. "बॅलन्स दाखवावा लागतो" म्हणून एजंटने सांगितलं आणि मुलाने रेडिंगहून पाठवले. हेतू चांगला, पैसा कष्टाचा. पण कर्जाच्या टेबलावर मीसुद्धा अशा एंट्रीखाली पेन्सिलने रेघ मारत आलोय. ज्या खात्यात वर्षभर वीस-तीस हजारांच्या वर काही टिकत नाही, तिथे अर्जाच्या तोंडावर सहा लाख आले की पहिला संशय उसनवारीचा येतो.

आणि महिना चुकला होता. याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. फॉर्मसोबत सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडलेलं, म्हणजे ऑगस्ट ते फेब्रुवारी. द्राक्षाच्या माणसाचे हे महिने निव्वळ खर्चाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, मग काडीवर औषधाचं पेस्टिंग, फवारण्या, मजुरी, खतं. पैसा बाहेर जातो तो जातच राहतो, आणि माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं त्याने ते येण्याच्या ऐन तोंडावर अर्ज केला. नोकरदाराच्या स्टेटमेंटमध्ये दर एक तारखेला पगार दिसतो, तसं इथे काही दिसणार नव्हतं. वर शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, त्यामुळे काकांनी कधी रिटर्न भरलेलं नाही. कागदाच्या जगात हा माणूस कमावतच नव्हता.

पुढचा रस्ता कोणता

मुलाला अपील करायचं होतं. तो चिडला होता, आणि बरोबरच होतं. पण अपिलाचा दरवाजा बंद आहे. ब्रिटनमध्ये नातेवाइकांच्या भेटीच्या व्हिसावर अपिलाचा हक्क १९९३ मध्ये काढला, २००० मध्ये परत दिला, आणि २५ जून २०१३ पासून पुन्हा काढून घेतला. आता उरतं ते मानवी हक्कांच्या मुद्द्यावर भांडणं किंवा तिथल्या न्यायालयात जाणं. त्याचा खर्च आणि वेळ बाळंतपणासाठी निघालेल्या आजी-आजोबांना परवडणारा नाही. नवा अर्ज मात्र कधीही करता येतो, त्याला थांबण्याची मुदत नाही.

याच सुमारास एजंटचा फोन आला. दुसऱ्या अर्जाची फी 'कमी' करून देतो म्हणाला, आणि दोन सल्ले दिले: आधी व्हिसा नाकारला होता हे लिहू नका, आणि दोन वर्षांची रिटर्न्स 'बनवून' घेऊ. मी काकांना दोन्ही गोष्टींचा अर्थ सांगितला. फॉर्ममध्ये आधीच्या नकाराचा सरळ प्रश्न असतो, आणि उत्तर अधिकाऱ्यासमोर स्क्रीनवर असतंच. खोटं सांगितलेलं किंवा खोटा कागद सापडला तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. काका ६६ चे. नातू दहा वर्षांचा होईपर्यंत आजोबांनी त्याला त्याच्या घरी पाहायचं नाही, एवढं ते महागात पडलं असतं. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला नोंदणी करावी लागते. आपल्याकडे रस्त्यावर पाटी लावायला काही लागत नाही, आणि त्याची किंमत असे लोक मोजतात.

अर्ज एप्रिलमध्ये करायचा असं ठरवलं, कारण तोवर मालाचे पैसे खात्यात आलेले असणार होते. तसंच झालं. व्यापाऱ्याकडून मार्चमध्ये दोन हप्ते आले, ५,४०,००० आणि ३,८५,०००.

ओसरीवरचे चार दिवस

काकांच्या ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. मी, धाकटा मुलगा आणि एक पत्र्याची पेटी. काकांनी कागद टाकून दिलेला नव्हता, ही मोठी दौलत. पेटीत बाजार समितीच्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. औषध दुकानाची बिलं होती. विकास सोसायटीच्या पावत्या होत्या, पीककर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरल्याच्या.

मी बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढायला लावलं आणि प्रत्येक मोठ्या जमेसमोर आकडा लिहिला. एक नंबर म्हणजे सोबतच्या कागदांतली एक नंबरची पट्टी, दोन नंबर म्हणजे व्यापाऱ्याची पावती. कांद्याचे १,१०,००० तीन हप्त्यांत आलेले, तिन्हींच्या पट्ट्या सापडल्या. सहा लाखांची एंट्री लपवली नाही. तिच्यासमोर मुलाच्या तिकडच्या खात्याचं स्टेटमेंट लावलं, ज्यात त्याच दिवशी पैसे गेल्याचं दिसत होतं, आणि पत्रात लिहिलं की ही रक्कम मुलाची आहे, प्रवासासाठी पाठवलेली आहे. दुसरा कुणी खर्च करणार असेल तर नियमांना ते चालतं. नातं खरं हवं, तो माणूस तिथे कायदेशीर राहत असावा, आणि त्याला खर्च झेपणारा असावा. पहिल्या फॉर्ममध्ये 'स्वखर्चाने' असं लिहिण्याची गरजच नव्हती.

मग औषधाची बिलं चाळताना धाकटा म्हणाला, "साहेब, ही पेस्टिंगची बिलं बघा, सगळी ऑक्टोबरचीच." द्राक्षाची छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर औषधाचं पेस्टिंग करतात. ते छाटणीनंतर एक-दोन दिवसांतच व्हावं लागतं. २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षांची बिलं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली, काकांच्या नावाची.

काका पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या धरून जे म्हणाले होते, त्याचा पुरावा हा होता. माणूस ऑक्टोबरमध्ये घरी असतोच, कारण नसेल तर वर्ष जातं. नवी काडी यावी म्हणून करायची खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकते. त्यानंतर काडी तयार होण्याच्या काळात डोळ्यात तेल घालून बाग पाहावी लागते खरी, पण उन्हाळ्याच्या सुटीत धाकटा आणि एक सालदार मिळून ते निभावतात, पावसाळ्यातल्या फवारण्याही करतात. गोडी छाटणीची तारीख, कोणता प्लॉट आधी धरायचा, हे मात्र काकाच ठरवतात. म्हणून तारखा बदलल्या: १४ मे ते ८ ऑगस्ट. सहा महिने मागायचं कारणच नव्हतं. व्हिसा सहा महिन्यांचा असतो, म्हणून राहायचंही सहा महिने, हा आपला गैरसमज. फॉर्म जाण्या-येण्याच्या तारखा विचारतो, त्या खऱ्या लिहाव्यात. ८ ऑगस्ट काकांनीच सांगितली. "पोळ्याला बैलांपाशी पाहिजे," म्हणाले. त्यांची एक जोडी अजून आहे.

काकांचं पत्र मी इंग्रजीत उतरवलं, पण बोल त्यांचेच ठेवले. माझी बाग एवढी, एप्रिलात एक छाटणी, ऑक्टोबरात दुसरी; मधल्या काळात सुनेचं बाळंतपण आहे; मी नसताना धाकटा मुलगा पाहील; दुसऱ्या छाटणीला मला असलंच पाहिजे, मागच्या तीन वर्षांची बिलं सोबत आहेत. फेब्रुवारीतल्या अर्जावर व्हिसा नाकारला होता, तेव्हा माझ्या शेतीचे कागद जोडले नव्हते, ते आता जोडतोय. पान-सव्वापान. गयावया नाही, मोठमोठे शब्द नाहीत.

सातबारा इंग्रजीत

डिजिटल सहीचा सातबारा आणि खातेउतारा म्हणजे आठ-अ काढले. नमुना सातवर मालकी, बारावर पीक. बारामध्ये ई-पीक पाहणीतून द्राक्ष आणि कांदा क्षेत्रासह नोंदलेले होते. अडचण भाषेची. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याची कबुली, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नाशिकच्या एका अनुभवी बाईंनी ते केलं.

पहिल्या मसुद्यात 'भोगवटादार वर्ग-१' याचं शब्दशः इंग्रजी झालं होतं. 'भोगवटा' म्हटल्यावर तिकडच्या माणसाला वाटेल हा कुळ आहे, दुसऱ्याच्या जमिनीवर बसलाय. बाईंनी खाली टीप घातली की हा धारक पूर्ण मालक असून जमीन विकण्याचा हक्क त्याला आहे. '१.६२ हे.आर.' च्या पुढे 'सुमारे चार एकर' लिहिलं. दोन ओळींचं काम, पण त्या दोन ओळींवाचून सातबारा त्या टेबलावर मुका राहिला असता. अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर निर्यातीसाठी केलेली बागेची नोंदणी इंग्रजीतच होती, ती तशीच लावली. शिधापत्रिकेच्या भाषांतरामुळे मागे कोण राहतंय ते एका पानात दिसलं: मुलगा, सून, दोन नातवंडं.

काकूंचा अर्ज स्वतंत्र. नवरा-बायको असले तरी निर्णय दोघांचा वेगवेगळा होतो, आणि एकाचा व्हिसा येऊन दुसऱ्याचा न येणं घडतं. त्यांच्या फाईलला सगळे कागद पुन्हा लावले, वर त्यांच्या बचत गटाचं पासबुक. अकरा वर्षांच्या सभासद, दर महिन्याची वर्गणी चुकलेली नाही. नावाचाही घोळ होता. मुलाच्या पासपोर्टवर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, काकूंच्या स्वतःच्या पासपोर्टवर नाही. आपल्याला यात काही वाटत नाही. पण नातं सिद्ध करणारा मुख्य कागद मुलाचा पासपोर्टच, म्हणून नोटरीसमोर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं.

रेडिंगहून मुलाने पगारपत्रकं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, ई-व्हिसाचा पुरावा, दोन बेडरूमच्या घराचा भाडेकरार आणि सुनेच्या बाळंतपणाच्या तारखेचं तिथल्या सुईणीने दिलेलं प्रमाणपत्र पाठवलं. त्याच्या पत्रातलं एक वाक्य मी बदलायला लावलं. त्याने लिहिलं होतं, आई-बाबा बाळाला सांभाळायला येत आहेत. थोड्या काळासाठी आलेल्या आजीने नातवाला सांभाळणं नियमांत बसतं, पण ते आयाच्या नोकरीसारखं दिसता कामा नये. सूनबाई स्वतः बाळंतपणाच्या रजेवर आहे, हे वर लिहिलं. आणि आई-बाबा बाळाला भेटायला आणि या दिवसांत सोबतीला येताहेत, हे खाली. दोन्ही खरंच होतं.

ठसे

११ एप्रिलला अर्ज भरला. दोनच दिवसांपूर्वी, ९ एप्रिलपासून, फी ११५ वरून १२७ पौंड झाली होती. १६ तारखेला मुंबईच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेलो. काकूंचे लगेच उमटले. काकांचे उमटेनात. आयुष्यभर कात्री आणि काडी धरलेली बोटं, वर ताजी खरड छाटणी झालेली. रेषा झिजून गुळगुळीत. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने ओला रुमाल दिला, बोटं पुसून घेतली, स्वतः हात धरून काचेवर दाबला. चौथ्या वेळी दहाही उमटले. बाहेर आल्यावर काका बराच वेळ हाताकडे पाहत होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्या झिजलेल्या बोटांमुळे तो माणूस परत येणार होता, ती कुठल्याच फाईलीत लावता येत नव्हती.

५ मेला निरोप आला आणि तीन दिवसांनी पासपोर्ट हातात पडले. दोन्हींत व्हिसा होता.

प्रवासाचा विमा काढला. ब्रिटन व्हिजिटरला विम्याची सक्ती करत नाही, पण तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर व्हिजिटरकडून दीडपट दराने पैसे घेतात, आणि काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दूधदुभत्याचं काही नेता येत नाही म्हणून काकूंनी डिंक, अळीव आणि खारीक घेतली. तूप तिकडे मिळेल म्हणाल्या. पाकिस्तानने २४ एप्रिलपासून आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली होती, त्यामुळे विमान वळसा घालून गेलं. काकू तेवढा वेळ जाग्याच होत्या. हीथ्रोवर अधिकाऱ्याने किती दिवस, कुणाकडे, एवढंच विचारलं. काकांनी मुलाचं पत्र आणि परतीचं तिकीट पुढे केलं.

१८ मेला नात झाली.

८ ऑगस्टला निघून दोघं दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरले. पोळ्याच्या आधी मी घरी गेलो तेव्हा काका बागेत काडी हातात धरून डोळे मोजत होते. मी त्यांच्याकडून पासपोर्ट मागून घेतले आणि मुंबई विमानतळावर उतरल्याचा शिक्का असलेल्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. त्या पत्र्याच्या पेटीत, पेस्टिंगच्या बिलांच्या वर ठेवल्यात. या ऑक्टोबरचं बिल आलं की तेही तिथेच जाईल.